काचेतील तळे : घरगुती मत्स्यपेटी, डास आणि पाण्याची राखण

दक्षिण दिल्लीतील मुनिरका ही आज अरुंद गल्ल्यांची, चार-पाच मजली इमारतींची आणि भाड्याच्या खोल्यांची वस्ती आहे. एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस रामकृष्ण पुरमची सरकारी वसाहत आणि २०१८ पासून जवळच मेट्रोचे स्थानक, अशा ठिकाणी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार राहतात. महाराष्ट्रातील तरुणही त्यांत असतात. मूळ मुनिरका मात्र शेतकऱ्यांचे गाव होते. राजधानी विस्तारत गेली तशी गावाची शेतजमीन वसाहतींसाठी आणि संस्थांसाठी संपादित झाली आणि शेतीचे गाव शहराच्या पोटात सामावले गेले.

जमिनीबरोबर पाण्याचेही रूप पालटले. दिल्लीच्या परिसरातील खेड्यांत पावसाचे पाणी साठविणारे 'जोहड', म्हणजे गावतळे असे. रामकृष्ण पुरममधील वझीरपूर स्मारकसमूहात पायऱ्यांची जुनी विहीर, म्हणजे बावली, आजही पाहावयास मिळते. आता वस्तीतील पाणी छपरावरील टाक्यांत, न्हाणीघरातील पिंपांत, खिडकीला टांगलेल्या कूलरमध्ये, कुंड्यांखालील ताटल्यांत आणि काही घरांत मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीत आहे. एका तळ्याची जणू शेकडो भांडी झाली. तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे, चतुराची पिल्ले, पाणढेकूण, बेडकांची पिल्ले असा मोठा परिवार असे. भांड्यात पाणी आले, पण तो परिवार आला नाही. डेंग्यूचा वाहक असलेल्या एडिस इजिप्ती या डासाला नेमके असेच पाणी लागते.

या सर्व भांड्यांत मत्स्यपेटीचे स्थान वेगळे आहे. घरातील पाण्याच्या इतर साठ्यांकडे माणूस फक्त गरजेपुरता वळतो. मत्स्यपेटीकडे मात्र तो रोज, आवडीने, काही वेळ थांबून पाहतो. या छंदाचे सांस्कृतिक मोल मोठे आहे. शेती व आरोग्य यांच्याशी असलेले त्याचे नाते मात्र सहसा लक्षात येत नाही. काचेच्या आत योग्य रीतीने राखलेले पाणी निरोगी व शिक्षणदायी असते. तेच पाणी दुर्लक्षित झाले किंवा काचेबाहेर ओतले गेले, तर त्याचा भार शेजाऱ्यांवर, नद्यांवर आणि मच्छीमारांवर पडतो. विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी या विषयाकडे पाहावे ते याच दृष्टीने.

राजविनोदापासून दिवाणखान्यापर्यंत

माशांकडे कौतुकाने पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' असा स्वतंत्र भाग आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळ टाकून मासे धरण्याची रीत यांचे वर्णन त्यात येते. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. विहिरीत मासे किंवा कासव सोडून पाणी स्वच्छ राखण्याची रीतही महाराष्ट्रातील अनेक गावांत पूर्वापार आहे.

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात सोनेरी माशांची निवडक पैदास होऊ लागली. हे मासे तळ्यांत आणि पुढे मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवले जात, म्हणजे ते वरूनच दिसत. काचेने ही दृष्टी बदलली. १८३२ मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक झान विलप्रू-पावर यांनी सिसिलीत सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. १८५० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवून या तिघांत समतोल राखता येतो हे दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोहोचविला.

मराठी माणसाच्या मनात मत्स्यालय म्हटले की मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयच उभे राहते. मरीन ड्राइव्हवरील या वास्तूचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पारशी दानशूर तारापोरवाला यांनी तिच्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या या मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना समुद्र जवळून दाखविला. गावाकडून मुंबईत आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांत राणीच्या बागेइतकेच त्याचे स्थान पक्के होते. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तेथे काचेसारख्या पारदर्शक ॲक्रिलिकचा बोगदा आला. अलीकडच्या वर्षांत मात्र ते प्रेक्षकांसाठी बंद राहिले. रत्नागिरीत डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. कृषी विद्यापीठाने चालविलेल्या या मत्स्यालयात पर्यटकाला समुद्रातील जीव दिसतात आणि मत्स्यशेतकऱ्याला त्यांच्यामागचे शास्त्रही समजून घेता येते.

घरातील माशांचे स्थान आणि एक समजूत

महानगरातील भाड्याच्या घरांत कुत्र्या-मांजरांना बहुधा घरमालकाची मनाई असते, मासे चालतात. ते आवाज करीत नाहीत, त्यांना फिरवून आणावे लागत नाही आणि दोन फुटांच्या जागेत ती हौस भागते. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात, उपाहारगृहांत, बँकांच्या दालनांत मत्स्यपेटी दिसते, त्यामागेही कारण आहे. अमेरिकेतील ॲरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासांत मासे पाहत बसलेल्या व्यक्तींचा रक्तदाब उतरतो आणि दंतशस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांची धास्ती कमी होते, असे आढळले. २०१५ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या अभ्यासातही टाकीत मासे वाढत गेले तसे पाहणाऱ्यांचे हृदयाचे ठोके अधिक संथ झाल्याची नोंद झाली.

या शास्त्रीय कारणांबरोबर श्रद्धाही आल्या. मत्स्यपेटी अमुक दिशेला असावी, आठ सोनेरी आणि एक काळा मासा असावा, फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना घरात आला की भरभराट होते, असे अनेक जण मानतात. त्यांतली एक समजूत फार प्रचलित आहे : मासा मेला तर घरावरचे संकट त्याने आपल्यावर घेतले. म्हणून दुःख न करता लगेच नवा मासा आणावा, असा सल्ला दिला जातो. या समजुतीने मनाला दिलासा मिळतो, पण मासा कशाने मेला हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि नवा मासाही त्याच कारणाने मरतो.

ते कारण बहुतेक वेळा अमोनिया असते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. मातीत युरिया टाकल्यावर जे घडते तेच येथे घडावे लागते. एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. शेतात नायट्रेट पिकाला मिळते. पेटीत ते पाणवनस्पती घेतात किंवा पाणी बदलताना बाहेर जाते. फरक एवढाच की शेताच्या मातीत हे जिवाणू आधीच असतात, नव्या पेटीत नसतात. खडीवर आणि गाळणीच्या स्पंजवर त्यांची वसाहत जमण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटी, पाणी आणि दहा मासे एकाच दिवशी आणले की हा काळ मिळत नाही आणि पहिल्या पंधरवड्यातच मासे मरू लागतात. पाणी अल्कधर्मी असेल आणि तापमान चढे असेल, तर अमोनियाचा विषारी अंश आणखी वाढतो. म्हणूनच दिल्लीच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात हा धोका अधिक असतो.

यावरचा उपाय साधा आहे. पेटी आधी चालू करावी, सुरुवातीला दोन-तीनच काटक मासे सोडावेत, खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, आणि दर आठवड्याला चौथा भाग पाणी बदलावे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, म्हणजे जिवाणू टिकतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन निघून जावे म्हणून ते चोवीस तास उघडे ठेवावे आणि मगच वापरावे. मात्र ते साठवलेले भांडे आठवडाभर तसेच पडू देऊ नये. पेटीतून काढलेले पाणी कुंडीतील झाडांना घालावे. त्यातील नत्र वाया जाण्याचे कारण नाही.

मुंबईच्या विहिरी, दिल्लीचे कूलर

माशांचा आणि डासांचा संबंध आपल्या आरोग्याच्या इतिहासात जुना आहे. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात दाखवून दिले. त्यानंतर प्रश्न उरला तो डास कोठे वाढतात याचा. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयी अहवाल सादर केला. ॲनाफिलीस स्टीफेन्साय या डासाची पैदास प्रामुख्याने शहरातील घरगुती विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी झाकाव्यात किंवा बुजवाव्यात, असा आग्रह नगरपालिकेने धरला. परंतु विहिरीच्या पाण्याशी पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या धार्मिक भावना जोडलेल्या असल्याने त्याला विरोधही झाला. पाण्याचा साठा म्हणजे केवळ पाणी नव्हे, त्याच्याशी माणसाची रीत आणि श्रद्धा बांधलेली असते, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच दिला.

त्याच काळात अळीभक्षक मासे देशात येऊ लागले. दक्षिण अमेरिकेतील गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभी आणि गंबुसिया १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आला. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाच्या माहितीनुसार पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १००, तर गंबुसिया १०० ते ३०० अळ्या खातो. दोन्ही मासे अंडी न घालता जिवंत पिल्ले देतात, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आज मुलांच्या मत्स्यपेटीत रंगीत शेपटी हलवीत फिरणारा गप्पी हा आरोग्य विभागाच्या टाकीतल्या साध्या करड्या गप्पीचाच सजवलेला भाऊ आहे.

दिल्लीतील १९९६ ची डेंग्यूची साथ ही शहरी डासांच्या प्रश्नाला मिळालेली कठोर जाग होती. त्या वर्षी दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ४२३ जणांचा मृत्यू झाला. एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि घरातील व घराभोवतीच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्यावर नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा वर चढले की त्यांतून अळ्या बाहेर येतात, आणि उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच कूलरचे पाणी केवळ ओतून देणे पुरेसे नाही. त्याच्या आतल्या भिंती आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करणे आवश्यक आहे.

मत्स्यपेटीत डास होतात का, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांना नेहमी विचारला जातो. मासे असलेल्या, पाणी हलते राहणाऱ्या पेटीत अळ्या टिकत नाहीत. मासे त्या खाऊन टाकतात. धोका असतो तो रिकाम्या झालेल्या पेटीत. मासे मेले, हौस सरली, आणि पाण्यासह पेटी गच्चीवर किंवा जिन्याखाली जाऊन बसली की तीच डासांची पाळणाघर होते. पेटीशेजारची बाटलीतील मनीप्लँटची वेल, पाणवनस्पती ठेवलेले मडके, सुटे फिल्टर यांचीही तीच गत. सर्वेक्षण करताना अळीची ठेवण पाहिली तरी डासाचा गट ओळखता येतो : ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते, एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या श्वासनळी वर करून डोके खाली टाकून तिरप्या लटकतात.

पेटीतील कीटक : खाद्य आणि शत्रू

मासे पाळणारा माणूस नकळत कीटकही पाळीत असतो. बाजारात गोठवलेल्या किंवा जिवंत मिळणाऱ्या लालभडक अळ्या या कायरोनोमस गटातील, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकाच्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे, आणि त्यामुळेच त्या प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही तगतात. ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे कीटक नव्हेत. ते गांडुळाचे नातलग आहेत. ते बहुधा सांडपाण्याच्या नाल्यांतून गोळा केले जातात, म्हणून वाहत्या पाण्यात नीट धुतल्याखेरीज पेटीत घालू नयेत.

तळ्यातून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर शत्रूही येतात. चतुराची पाण्यातील पिल्ले आपला घडीचा जबडा झटक्यात पुढे फेकून लहान माशांना पकडतात. पाठीवर पोहणारे पाणढेकूण आणि पाण्यातील शिकारी भुंग्यांच्या अळ्या मत्स्यबीजाचा फडशा पाडतात. मत्स्यशेतकऱ्यांना हे शत्रू चांगले परिचयाचे आहेत. संगोपन तळ्यात मत्स्यबीज सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा नसताना, हेक्टरी ५६ किलो वनस्पती तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरण्याची शिफारस याच कीटकांसाठी आहे. यांतील पाणढेकूण आणि भुंग्यांच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येतात, आणि तेलाचा तवंग त्यांची श्वासछिद्रे बुजवतो. घरगुती पेटीत असा उपाय करायचा नसतो. तेथे वनस्पती आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवून, निरखून, धुऊन मगच लावाव्यात.

कीटकनाशकांबाबत विशेष काळजी आवश्यक आहे. डास मारण्यासाठी घरात वापरले जाणारे फवारे, मॅट आणि द्रव यांत बहुधा संश्लेषित पायरेथ्रॉइड असते. माणसाला ते अल्प मात्रेत फारसे बाधत नाही, पण माशांना अत्यंत विषारी असते, कारण मासे ते कल्ल्यांवाटे चटकन शोषतात आणि शरीरात त्याचे विघटन सावकाश होते. पेटीतील हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. खोलीत फवारणी करायचीच असेल तर पेटी झाकावी, पंप काही वेळ बंद ठेवावा आणि खोली मोकळी झाल्यावर चालू करावा. हाच नियम शेतालाही लागू आहे. कापूस किंवा तुरीवर पायरेथ्रॉइडची फवारणी करताना वाऱ्याबरोबर उडालेले तुषार शेजारच्या शेततळ्यातील मासे मारू शकतात. मासे असलेल्या साठ्यांत डासांच्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूवर आधारित जैविक अळीनाशक अधिक सुरक्षित ठरते.

काच ओलांडली की

छंद संपला, घर बदलले, मासा पेटीपेक्षा मोठा झाला, की पुष्कळ माणसे तो जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून देतात. जीव वाचवल्याचे समाधान मिळते. विसर्जनाची भावनाही त्यात मिसळलेली असते. परंतु या कृतीचे परिणाम गंभीर आहेत.

काचेवरचे शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा दुकानात दोन-तीन इंचांचा असतो. तो दीड फुटांपर्यंत वाढतो. दक्षिण अमेरिकेतील या माशाच्या अंगावर हाडांची कवचे असतात, तो हवेतूनही प्राणवायू घेऊ शकतो आणि काठाच्या मातीत बिळे करतो. पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, बिहार, केरळ अशा राज्यांत तो नैसर्गिक पाण्यात पसरला आहे, आणि महाराष्ट्रात उजनी जलाशयातील मच्छीमारांनाही त्याचा उपद्रव सोसावा लागला आहे. जाळ्यात तो अडकला की त्याच्या काटेरी परांनी जाळे फाटते, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. शहरातील एका खोलीत कोणाला तरी नकोसा झालेला मासा अशा रीतीने दूरवरच्या मच्छीमाराच्या दिवसाच्या कमाईवर घाला घालतो.

गंबुसियाची कथाही बोलकी आहे. डास खाणारा म्हणून जगभर सोडलेला हा मासा स्थानिक माशांची अंडी, पिल्ले आणि बेडकांची पिल्लेही खातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० उपद्रवी परकीय जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. म्हणून गप्पी वा गंबुसिया वापरायचे ते बंदिस्त टाक्या, कारंजी आणि न वापरातील विहिरी एवढ्यापुरतेच. नदी, ओढा, पाझर तलाव आणि जैवविविधता असलेली तळी येथे ते सोडू नयेत. आपल्याकडे ॲप्लोकायलस हा देशी पर्याय आहे. डोक्यावर चकाकता पांढरट ठिपका असलेला हा छोटा मासा पृष्ठभागावरच वावरतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. डॅनियो आणि रासबोरा या गटांतील देशी मासेही या कामी येतात.

वनस्पतींबाबतही हाच अनुभव आहे. नद्या आणि जलाशय झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी ती भारतात आणली गेली. तिच्या नियंत्रणासाठी १९८० च्या दशकात निओकेटिना जातीचे सोंडे भुंगेरे परदेशातून आणून सोडावे लागले. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यासाठी केरळमध्ये सिर्टोबॅगस हा सोंडा वापरला गेला आणि त्याने चांगले यश दिले. शोभेची वनस्पती आणायला एक कुंडी पुरते. तिला आवरण्यासाठी अनेक वर्षांचे संशोधन लागते.

आपल्या पाण्यातील संपत्तीही विसरून चालणार नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा झेब्राफिश हा भारतीय उपखंडातील ओढ्या-तळ्यांचा मासा आहे. दिल्लीच्याच जनुकशास्त्र व एकात्मिक जीवशास्त्र संस्थेने २००९ मध्ये त्याच्या रानटी वाणाच्या जनुकसंचाचे वाचन जाहीर केले. पश्चिम घाटातील 'मिस केरळ' हा देखणा मासा मात्र शोभेच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे संकटग्रस्त झाला. परका मासा बाहेर सोडू नये, तसा आपला रानातला मासा ओरबाडून पेटीत आणू नये. या दोन्ही नियमांचा हेतू एकच आहे.

शेतकऱ्यांसाठी संधी आणि मर्यादा

रानातून मासे न आणता त्यांची पैदास केली तर हा छंद उत्पन्नाचे साधन होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकासाठी ३ लाख रुपये आणि मध्यम घटकासाठी ८ लाख रुपये प्रकल्पखर्च धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. चालू स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयातून जाणून घ्यावी. महाराष्ट्राच्या किनारी जिल्ह्यांत कांदळवन कक्षाने उपजीविका योजनेत खेकडेपालन व कालवेपालनाबरोबर शोभिवंत माशांचाही समावेश केला. मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारख्या संस्थांचे मार्गदर्शनही या व्यवसायास उपलब्ध आहे.

नवशिक्याने गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल अशा पिल्ले देणाऱ्या माशांपासून सुरुवात करावी. मात्र टाक्या पूररेषेच्या वर असाव्यात, पाणी बाहेर जाण्याच्या नळीला बारीक जाळी असावी, आणि सांडपाणी थेट ओढ्यात न सोडता भाजीपाल्याच्या वाफ्यात मुरवावे. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे; त्यांची पकड वा विक्री गुन्हा ठरते. याच कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने उपद्रवी परकीय जातींचा व्यापार व बाळगणे नियंत्रित करण्याचे अधिकार केंद्र शासनास दिले आहेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी ठळक मुद्दे

• गाव असो वा शहरी वस्ती, पाण्याच्या भांड्यांची मोजणी करताना मत्स्यपेटीचीही नोंद करावी. मासे आहेत का, पाणी हलते आहे का, झाकण आहे का, हे पाहावे.

• बंद पडलेली पेटी कोरडी करून, उलटी ठेवावी. कूलर, पिंपे व ताटल्या आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी घासून कोरड्या कराव्यात.

• नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या छंदकास द्यावा. नदी, तलाव, विहीर वा शेततळ्यात सोडू नये. पाणवनस्पती वाळवून मगच कंपोस्टमध्ये टाकाव्यात.

• शेततळ्यात देशी अळीभक्षक मासे सोडण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घ्यावा. शेततळ्याजवळ पायरेथ्रॉइडची फवारणी टाळावी.

• शाळांत एक लहान पेटी ठेवल्यास अमोनिया-नायट्रेटचे चक्र, डासाचे जीवनचक्र आणि अन्नसाखळी मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते. डासाच्या अळ्या दाखविताना भांडे जाळीने घट्ट बांधावे आणि कोषावस्था येताच पाणी जमिनीवर ओतून टाकावे.

घरातील मत्स्यपेटी माणसाला पाण्याकडे लक्षपूर्वक पाहावयास शिकविते. पाणी किंचित गढूळ झाले, मासा कोपऱ्यात थांबून राहिला, एखादे पान कुजले, की ते चटकन ध्यानात येते. हेच लक्ष कूलरच्या तळाकडे, गच्चीवरील टाकीच्या झाकणाकडे आणि शेततळ्याच्या सांडव्याकडे वळविणे हे विस्तार कार्यातील पुढचे पाऊल आहे. त्यासाठी नव्या साधनांची वा खर्चाची गरज नाही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि पाण्याच्या प्रत्येक साठ्यास एक जबाबदार माणूस, एवढे पुरेसे आहे.